एक राईस प्लेट भाड्याच्या हिशेबाबाहेर ठेवा : लोअर परळच्या नव्या फूड हॉलच्या चालकांना खुले पत्र

प्रति,
लोअर परळ येथील जुन्या गिरणीच्या आवारात नव्याने सुरू झालेल्या फूड हॉलचे चालक आणि त्या संकुलाचे मालक यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्या संकुलातील एका कार्यालयात मी हिशेब विभागात काम करते. आवाराच्या मागच्या बाजूला जी विणकाम खात्याची जुनी शेड आहे तिच्याभोवती बरेच महिने पत्रे ठोकलेले होते. ते निघाल्यावर एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही काही जणी आत डोकावलो आणि तिथे फूड हॉल सुरू झालेला दिसला. तेव्हापासून आमचे तिथे जाणे-येणे आहे. जे पाहिले त्यातले बरेचसे मनापासून आवडले. एक गोष्ट मात्र अशी खटकली की तिच्याविषयी आपल्याला जाहीरपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. संकुलाचे नाव मी येथे घेतलेले नाही, कारण जी मागणी करायची आहे ती लोअर परळ, परळ आणि वरळी या भागांतल्या अशा कोणत्याही आवाराच्या मालकांपुढे ठेवता येण्यासारखी आहे.

आधी आवडले त्याविषयी लिहिते. शेडचे दातेरी छप्पर आपण पाडले नाही. मागावर काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट ऊन येऊ नये आणि धागा दिवसभर सारख्याच उजेडात दिसावा, म्हणून अशा छपरांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असत. तोच शांत उजेड आज जेवणाच्या टेबलांवर पडतो, आणि भर दुपारी दिवे न लावता तिथे बसता येते. बिडाचे खांबही आपण जपले आहेत. काउंटरांची निवड ज्याने केली त्याला जेवणाची खरी जाण आहे. एका काउंटरवर तांबडा-पांढरा रस्सा आहे, शेजारी अप्पम आणि स्ट्यू, पलीकडे अखुनी (आंबवलेले सोयाबीन) घालून शिजवलेले नागा पद्धतीचे डुकराचे मांस, तर कोपऱ्यात दाल-पक्वान. पांढरा रस्सा मी मुद्दाम दोन-तीनदा घेतला. मटणाचे अळणी नीट उतरवलेले, खसखस-तीळ बारीक वाटलेले, नारळाचे दूध फुटू न देता शेवटी घातलेले. कोल्हापूरबाहेर इतका चांगला रस्सा क्वचितच मिळतो. तो करणारा तरुण पूर्वी दुसऱ्याच्या हॉटेलात नोकरीला होता, असे त्याच्याशी बोलताना कळले.

अशा माणसाला स्वतःचे काही उभारता येणे हीच फूड हॉलची सर्वांत मोठी भलाई आहे, असे मला वाटते. मुंबईत स्वतंत्र हॉटेल काढायचे तर जागेची अनामत, सजावट, धूर बाहेर काढण्याची यंत्रणा, गॅसची जोडणी, भांडी धुण्याची सोय, वाढपी आणि बसण्याची जागा हे सगळे पहिला ग्राहक येण्याआधी उभे करावे लागते. फूड हॉलमध्ये यातले बहुतेक सामाईक असते, आणि भाडेही बरेचदा ठरीव रकमेऐवजी विक्रीतील हिश्श्याच्या रूपाने घेतले जाते. त्यामुळे हातात कसब आहे पण भांडवल नाही अशा स्वयंपाक्याला उभे राहता येते. लांबलचक सामाईक टेबलांमुळे एरवी लिफ्टमध्येही एकमेकांकडे न पाहणारी वेगवेगळ्या कंपन्यांची माणसे शेजारी बसून जेवतात, हेही मी पाहिले आहे.

परंतु त्या टेबलांवर संकुलातील सगळी माणसे नसतात. प्रवेशद्वारावरचे सुरक्षारक्षक, प्रत्येक मजल्यावर सफाई करणाऱ्या बायका, पॅन्ट्रीत चहा करणारी मुले, लिफ्टवाले, वातानुकूलन यंत्रणेवर काम करणारे तंत्रज्ञ आणि आपल्याच फूड हॉलमधून पार्सल उचलणारे डिलिव्हरीवाले यांच्यापैकी कोणीही मला तिथे जेवताना दिसलेले नाही. ही माणसे तळघरातल्या पार्किंगच्या जिन्यावर, जनरेटरच्या खोलीमागच्या कट्ट्यावर किंवा फाटकाबाहेरच्या पदपथावर उभ्याने जेवतात. त्यांना कोणी हटकलेले मी पाहिले नाही; किमती पाहूनच ती दारातून परत फिरतात. पोट भरेल असे एक जेवण तिथे ३५० रुपयांच्या आत मिळत नाही. पैसे देण्यासाठी कार्ड घ्यावे लागते आणि त्यात आधी किमान ५०० रुपये भरावे लागतात. पिण्याचे पाणी फक्त बाटलीतून विकत मिळते. सुट्टीच्या अर्ध्या तासात एवढे अडथळे ओलांडून जेवणे महिन्याकाठी पंधरा-अठरा हजार मिळवणाऱ्या माणसाला शक्य नाही.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने कामगाराला किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा हक्क दिलेला आहे, आणि १०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने उपाहारगृह पुरवावे अशीही तरतूद त्यात आहे. आपल्या संकुलात दररोज येणारी माणसे याच्या कितीतरी पट आहेत. मात्र ती अनेक छोट्या-मोठ्या कार्यालयांत आणि वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे विभागलेली असल्यामुळे त्यांच्या जेवणाची जबाबदारी कोणा एकाची राहत नाही. ही जबाबदारी कायद्याने आपल्यावर येते असा माझा दावा नाही. जागा आपल्याकडे आहे, म्हणून ही विनंती आपल्याकडे करत आहे.

ज्या जमिनीवर हा फूड हॉल उभा आहे तिथे कामगाराचे जेवण हा विषय नवा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद केली, तिच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत असे म्हटले, आणि त्याखालील नियमांनी तिथले पदार्थ नफा न घेता विकण्याचे बंधन घातले. त्या नियमांमागचा विचार हिशेबनीस म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो : कॅन्टीनच्या जागेचे भाडे, इमारतीची घसारा-देखभाल, उपकरणांची किंमत यांसारखे खर्च खाद्यपदार्थाच्या किमतीत धरायचे नाहीत, ते मालकाने सोसायचे. ताटातल्या अन्नाची किंमत अन्नाच्या आणि ते शिजवणाऱ्या हातांच्या खर्चावर ठरावी, जमिनीच्या भावावर ठरू नये, असा तो साधा आणि न्याय्य विचार होता.

कॅन्टीनच्या बाहेर खाणावळी होत्या, आणि गिरणगाव खरे जगले ते त्यांच्यावर. कोकणातून आणि घाटावरून, साताऱ्या-कोल्हापूरकडून आलेले हजारो कामगार कुटुंब गावी ठेवून इथे राहत. एकाच खोलीत पाळ्यांनुसार झोपणाऱ्या या माणसांची जेवणे चाळीतल्या बायका करत. दहा बाय दहाच्या खोलीत, पहाटेच्या पाळीआधी आणि रात्रपाळीनंतरही, पंधरा-वीस जणांच्या भाकऱ्या थापल्या जात. पैसे महिन्याला पगार झाल्यावर मिळत. तोवर वाण्याकडून धान्य उधार आणायचे, त्याचे भाव तो सांगेल ते, आणि अडलेच तर सावकाराचे व्याज भरायचे. संप झाला की कामगाराचा पगार थांबे, पण त्याचे जेवण या बायका थांबवत नसत. कर्ज त्यांच्या डोक्यावर चढत असे. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले आणि १९७५ मध्ये या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. त्या वेळी काही वर्षांपूर्वीच राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांच्या दारात या बायकांना नेऊन, एकमेकींच्या हमीवर त्यांना कर्ज मिळवून देण्याचे काम मंडळाने केले. गटाने कर्ज घेणे आणि गटाने फेडणे ही पद्धत आज बचत गटांमुळे सर्वत्र ओळखीची झाली आहे. परळच्या चाळींतल्या निरक्षर स्वयंपाकिणींनी ती तेव्हा यशस्वी करून दाखवली होती.

पुढे १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि खाणावळींचे ग्राहकच उरले नाहीत. गिरण्यांच्या जमिनींचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी विभागणी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ गिरणीतील रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. तो वाद उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. शहराच्या वाट्याला यायची बरीचशी जमीन खासगी राहिली, एवढी वस्तुस्थिती मात्र माझ्या विनंतीशी थेट संबंधित आहे, कारण मी जे मागते आहे ते त्या जमिनीच्या तुलनेत फारच थोडे आहे.

माझी विनंती अशी आहे. फूड हॉलमधील एक काउंटर, फक्त एक, भाड्याच्या हिशेबाबाहेर ठेवावा. त्यावर दुपारी बारा ते तीन या वेळात एकच जेवण मिळावे : दोन पोळ्या किंवा एक भाकरी, एक भाजी, एक उसळ, आमटी, भात आणि लोणचे. मुंबईच्या उडुपी आणि मराठी हॉटेलांनी राईस प्लेट म्हणून जे पिढ्यान् पिढ्या पुरवले, तेच. या काउंटरकडून आपण भाडे घेऊ नये, विक्रीतील हिस्सा घेऊ नये, अनामत आणि सामाईक देखभालीचा आकार घेऊ नये, आणि त्या बदल्यात ताटाची किंमत धान्य, भाजी, गॅस व मजुरी एवढ्यावरच ठरेल अशी अट घालावी.

यामुळे किमतीत किती फरक पडेल, हे आपल्या कोणत्याही काउंटरवाल्याचा ताळेबंद पाहिला तरी लक्षात येईल. ताटाच्या किमतीत जागेचा मोबदला असतो, देखभालीचा आकार असतो, कार्ड यंत्रणेचे शुल्क असते, जाहिरातीची वर्गणी असते. शिवाय उपाहारगृहांच्या ५ टक्के जीएसटीवर खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे व्यापारी जागेच्या भाड्यावर भरलेला १८ टक्के जीएसटीदेखील परत न मिळता ताटाच्या किमतीतच येऊन बसतो. म्हणजे जेवणारा माणूस आधी जमिनीचे भाडे देतो आणि मग त्या भाड्यावरचा करही देतो. हे दोन्ही बाजूला काढले तर लोअर परळमध्येही शंभर रुपयांच्या आत पोटभर जेवण देता येते, याविषयी मला शंका नाही. फाटकाबाहेरची पोळी-भाजी केंद्रे ते रोज देत आहेत. बाकीच्या काउंटरांचे दर त्यांनी खुशाल ठेवावेत. पांढरा रस्सा महाग असला तरी मी तो अधूनमधून घेईनच.

हा काउंटर चालवण्यासाठी माणसे दूर शोधावी लागणार नाहीत. ना. म. जोशी मार्गावरच्या आणि करी रोडच्या चाळींतून आजही दुपारचे डबे बाहेर पडतात, आणि ते भरणाऱ्या बायका एका वेळी चाळीस-पन्नास जणांचा स्वयंपाक सहज काढतात. त्यांच्यापैकी एखाद्या बचत गटाला हे काम द्यावे. त्यांना इतरांसारखी ओळीने रंगवलेली पाटी, एकसारखे अॅप्रन आणि इन्स्टाग्रामवरची छायाचित्रे यांची सक्ती करू नये. अन्न सुरक्षा परवाना, पाण्याची चाचणी आणि स्वच्छता यांबाबत मात्र कोणतीही सवलत देऊ नये, कारण स्वस्त जेवण घेणाऱ्याला निर्धोक जेवणाचा हक्क तेवढाच असतो. परवान्याची ऑनलाईन कागदपत्रे भरायला आपल्या व्यवस्थापनातील एका माणसाने मदत केली तरी त्यांचा मोठा अडसर दूर होईल.

ही अट तोंडी राहू नये, असे मी आग्रहाने सांगते. १९९५ नंतर राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे मोक्याच्या जागांवर निघाली होती. पुढे त्यातल्या अनेक जागांवर झुणका-भाकर दिसेनाशी झाली आणि दुसरीच दुकाने थाटली गेली. हेतू चांगला असूनही जागेचा मोह त्याला खाऊन टाकतो, म्हणून काउंटरचा वापर, वेळ आणि किंमत ठरवण्याची पद्धत करारातच लिहिलेली असावी, आणि किंमत वाढवायची झाल्यास संकुलातील कर्मचाऱ्यांच्या दोन-चार प्रतिनिधींसमोर खर्चाचा तपशील ठेवावा. मी सरकारी अनुदानाविषयी बोलत नाही, हेही स्पष्ट करते. २०२० मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांची थाळी देता आली ती राज्याने फरकाची रक्कम भरल्यामुळे. इथे आपल्याकडून रोख रक्कम कोणी मागत नाही. एवढ्या मोठ्या शेडमधील काही चौरस फुटांचे उत्पन्न सोडावे, एवढेच मागणे आहे.

आपल्यापैकी कोणाला हे व्यवहारात बसत नाही असे वाटत असेल तर सिंगापूरकडे पाहावे. तिथे १९६८-६९ मध्ये रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांची नोंदणी झाली, आणि १९७१ पासून पुढची पंधराएक वर्षे नळ, गटार, वीज असलेली हॉकर सेंटर बांधून त्यांना तिथे हलवण्यात आले. जुन्या विक्रेत्यांना भाड्यात सवलत दिली गेली, म्हणूनच अधिकारी आणि मजूर एका छपराखाली परवडणाऱ्या दरात जेवू शकले. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. सिंगापूरमध्ये हे सरकारने केले, आपण खासगी मालक आहात, हा फरक मी जाणते. पण भाडे उतरवल्याखेरीज जेवण स्वस्त होत नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

आता काही छोट्या बाबी. दारावर ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ अशी पाटी आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था ज्या शहरात आजही चालू आहे, त्या शहरात घरचा डबा घेऊन आलेल्या माणसाला जेवणाच्या टेबलावर बसू न देणे मला योग्य वाटत नाही. आमच्या विभागात निम्म्या बायका डबा आणतात आणि निम्म्या बाहेर खातात. त्या पाटीमुळे एरवी एकत्र जेवणाऱ्या मैत्रिणींच्या दोन पंगती झाल्या आहेत. गर्दीच्या वेळी जागा अडते ही आपली अडचण मला समजते, तेव्हा घरचा डबा आणणाऱ्यांसाठी एक-दोन टेबले राखून ठेवता येतील.

पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्वच्छ पेले विनामूल्य असावेत. रोख पैसे किंवा साधे यूपीआय चालावे, कार्डात आगाऊ रक्कम भरण्याची सक्ती नसावी. दरपत्रके आज केवळ इंग्रजीत आहेत. दुकानांच्या नामफलकांवर देवनागरीतील मराठी इतर लिपीपेक्षा लहान नसावी असे राज्याच्या कायद्यात २०२२ मध्ये स्पष्ट केले गेले, आणि आपले नामफलक त्याप्रमाणे आहेतही. पण पदार्थ काय आहे आणि त्याला किती पडतात हे वाचता येणे ग्राहकाला नावापेक्षा अधिक गरजेचे असते.

एक बाब मात्र छोटी नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर याच भागातील कमला मिलच्या आवारात, गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. आपल्या शेडच्या मागच्या बाजूस बाहेर पडण्याचे जे दार आहे, त्याच्यासमोर दुपारच्या गर्दीत जादा खुर्च्या आणि रिकामे क्रेट रचलेले असतात. ते हे पत्र मिळेल त्याच दिवशी हलवावेत आणि पुन्हा तिथे येऊ नयेत याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे द्यावी. यासाठी बैठकीची किंवा कराराची वाट पाहण्याचे कारण नाही.

काउंटरच्या प्रस्तावावर बोलण्यासाठी आम्ही संकुलातील काही कर्मचारी, त्यात सुरक्षा आणि सफाई विभागातलेही, आपल्याला भेटू इच्छितो. ही भेट दुपारी एक ते दोनच्या दरम्यान फूड हॉलमध्येच ठेवावी. कंत्राटी कर्मचाऱ्यांना त्याखेरीज दुसरी सुट्टी नसते. त्या वेळी डबे भरणाऱ्या एका बचत गटाच्या बायकांनाही आम्ही बरोबर आणू, म्हणजे शंभर ताटांना रोज किती धान्य, किती गॅस आणि किती हात लागतात याचा आकडा त्याच आपल्यासमोर मांडतील. भेटीचा दिवस कळवताना तो सूचनाफलकावर मराठीत लावावा, ही विनंती.

आपली,
संकुलातील एका कार्यालयाच्या हिशेब विभागातील कर्मचारी